पाठमोरी

सोमवारी इंदू दिवेलागणीपर्यंत मौन पाळायची. राहात्याच्या सासरघरी हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि नेमक्या एका सोमवारी दुपारी नृसिंहभावोजींनी तो जुना सिनेमा लावला.

त्याचं चित्रीकरण भंडारदऱ्याला झालं, तेव्हा तिची आई तिथे स्वयंपाकाला होती. कुणीतरी हातात घागर देऊन तिला धरणाकाठाने चालायला लावलं. सिनेमात तिची फक्त पाठ दिसते. आई गेल्यावर इंदूपाशी हलतीचालती अशी तेवढी पाठच उरली होती.

"गाणी बरी आहेत," जाऊ म्हणाली, "हिरो मात्र नुसता लाकडाचा."

"आणि ह्या बघा वहिनींच्या मातोश्री!" भावोजी मांडी थोपटून हसले. "आमची म्हैस बरी, हिच्यापेक्षा डौलात चालते. तोंड दाखवायची लाज वाटली असेल. काय वहिनी?"

इंदूच्या मस्तकात तिडीक गेली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

पडद्यावरची आई थांबली. आजवर ती कधीच थांबली नव्हती. तिने घागर खाली ठेवली आणि वळली.

"हे कुठं होतं आधी?" जाऊ पुटपुटली.

भावोजींनी घाईघाईने रिमोट दाबला. धरणाचं पाणी जागीच थिजलं, हिरोचा हात हवेत राहिला. आई मात्र पदर खोचून, भावोजींवर नजर रोखून पुढे येतच राहिली. येता येता ती पडद्यात मावेनाशी झाली.

"वहिनी, अहो, सांगा ना त्यांना काहीतरी!"

इंदू शांतपणे उठली आणि तिने टीव्हीसमोरचं टीपॉय ओढून वाट मोकळी केली.