चौथा पट्टा

लेकीच्या खोलीसाठी रंगाऱ्याने भिंतीवर नमुन्याचे तीन पट्टे मारले: सायीसारखा, बदामी आणि फिकट पीच. तिन्ही एकाच माळेचे मणी.

"कुठलाही लाव, दिवा मालवला की सगळे काळेच," म्हणत नवरा कामाला पळाला. निवडायची कटकट बायकोच्या गळ्यात, जणू घर तिच्या एकटीच्याच बापाचं.

लेकीला त्याच भिंतीशी खेळायला बसवून तिने स्वयंपाक उरकला आणि परत येऊन ठरवूनच टाकलं. "दादा, हा कडेचा चौथा लावा. काय गोड रंग आहे!"

बाहेर डबा ढवळणारा रंगारी दारात आला. "ताई, मी तीनच मारलेत."

"मग हा काय आभाळातून पडला?" फणकाऱ्याने तिने चौथ्या पट्ट्यावर तळवा टेकला.

पट्टा सुकलेला होता, पण कोमट होता. सकाळी अंघोळ घालताना लेकीची पाठ हाताला लागली होती, तसाच. रंगही तोच.

"ताई," रंगाऱ्याने खोलीभर नजर फिरवली, "छोटी कुठंय?"

तिने खाली पाहिलं. पट्ट्याच्या पायथ्याशी नुसती बाहुली पडली होती.

तळव्याखाली भिंत हळूच फुगली, ओसरली. आणि मग घाबरल्यासारखी भराभर फुगू लागली.