तिसऱ्या टूलचं वर्णन

एफ्राईनदादा बेपत्ता झाला तेव्हापासून आई बेपत्ता पोरांच्या इतर आयांबरोबर फावडं घेऊन आमच्या हेर्मोसियो शहराबाहेरच्या वाळवंटात पुरलेले मृतदेह खणून शोधायला जाते. विचारलं तर म्हणते, "दुसऱ्यांची पोरं शोधायला. माझा जिवंत आहे."

मग मीच फोनवर दादाला शोधणारा एआय मदतनीस बनवला, आणि खरं सांगते, भारी बनवला! त्याला तीन टूल्स दिली: दवाखान्यांच्या नोंदी, तुरुंगांच्या नोंदी आणि बेवारस मृतदेहांच्या नोंदी. कुठलं कधी आणि कसं वापरायचं, ते प्रत्येकाच्या वर्णनात स्पष्ट लिहावं लागतं.

तिसऱ्यावर आई भडकली. "काढ ते! शाळेत हेच शिकवतात का गं, दीडशहाणे?"

"अगं आई, वर्णन रिकामं ठेवलं तर मदतनीस तिथे शोधणारच नाही."

"नकोच शोधायला!"

तिसऱ्याचं वर्णन मी रिकामंच ठेवलं. पहिली दोन टूल्स रोज एकच उत्तर देत राहिली: सापडला नाही.

आज तोर्तिया भाजता भाजता, माझ्याकडे न बघताच, आई म्हणाली, "त्या तिसऱ्याचं लिहून घे. मी सांगते."

मी फोन उघडला.



"लिही, तिथे शोधताना हळू हाक मार. माझा पोरगा झोपेतून दचकून उठतो."