सुधाकररावांचा गुरुवार

इरावतीनं सुधाकररावांच्या दंडाभोवती टेप गुंडाळली, आकडा वाचला आणि पुन्हा गुंडाळली. मागच्या आठवड्यापेक्षा अजून कमी. हॉस्पिटलची ही आहारतज्ज्ञ वयानं लहान, पण एकदा मागं लागली की सोडणारी नव्हे.

"काकू, नळीतून रोज देऊन राहिल्या ना?"

"हव. टायमावर देते," त्यांची बायको शारदा म्हणाली. ते खरंच होतं. काय देते, ते कुणी विचारलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी बीरगावच्या वळणावर स्कूटर घसरली आणि रेल्वेतला हा धडधाकट माणूस डोक्याला मार लागून आडवा झाला. मेंदूची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून कवटीचा एक तुकडा काढून ठेवला होता. तो परत बसवायचा तर अंगात ताकद हवी. ती येईना, म्हणून तारीख दोनदा पुढे ढकलली होती. शारदानं मात्र कंबर कसली होती. नवऱ्याला ती या खाटेवरून उठवणारच होती, आणि तेही त्याच्या देवाधर्माला धक्का न लावता.

सुधाकररावांचे सोमवार आणि गुरुवार एकवीस वर्षांत चुकले नव्हते. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "शारदे, आज वार कोणता?" चहासुद्धा त्यानंतर. उत्तर द्यायचं काम तिचं, आणि ते तिनं कधी चुकवलं नव्हतं. आता त्यांना विचारता येत नव्हतं, म्हणून काय झालं? वार तर येतच होते.

गुरुवारी इरावती न सांगता वॉर्डात आली, तेव्हा शारदा दूध-डाळीचा डबा बेसिनमध्ये ओतत होती. एका हातानं ओतत होती आणि दुसरा हात अन्नाची क्षमा मागायला कपाळाशी. खाटेजवळ साबुदाण्याचं पाणचट पाणी तयार होतं.

"काकू! हे काय करून राहिल्या?"

"आज उपास आहे ह्यायचा." शारदा ताठ उभी राहिली. "उद्या शुद्धीवर आले अन् विचारलं, तर काय सांगू? देवाच्याच भरवशावर आहोत न आम्ही. मी काहून मोडू?"

इरावतीनं रागानं टेप काढली, मग तशीच मुठीत धरली.

"उपास काकांनी धरला का? ते तर झोपून आहेत. तुम्ही त्यायले उपाशी ठेवून राहिल्या. याले उपास नाही म्हणत, काकू. उपासमार म्हणतात."

शारदानं मनात मोजलं. आठवड्यातले दोन दिवस, दोन महिने, आणि तेही आपल्याच हातानं. तिनं त्या वाळल्या दंडाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. पण फार वेळ नाही. पदरानं डोळे पुसून तिनं दुसरा डबा मागवला आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"ऐकून राहिले ना? तुमचे वार आजपासून माह्याकडे. तुमी जेवा, उपाशी मी राहते."

त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

मग टेप हळूहळू पुढे सरकू लागली. त्या गुरुवारानंतर सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी तुकडा बसवला. सुधाकरराव डोळे उघडून बघायला लागले. मान हलवून हो-नाही सांगायला लागले. नळी निघाली तेव्हा इरावती स्वतः मऊ वरण-भाताची वाटी घेऊन आली. तोंडानं खाणं जमलं की घरी, असं ठरलं होतं.

शारदानं पहिला चमचा पुढे केला. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. गुरुवार होता.

सुधाकररावांनी ओठ घट्ट मिटले.  मग अपघातानंतर पहिल्यांदा त्यांना शब्द फुटले.

"शारदे... आज... वार कोणता?"

इरावतीनं शारदाकडे पाहिलं.

"बुधवार," शारदा म्हणाली. "आ करा."