दहाचा फरक

फोटोग्राफर बाईक सर्व्हिसिंगला टाकून गेला आणि पाठोपाठ त्याची बायको माझ्या गॅरेजमध्ये आली.
"दादा, स्पीडचा काटा दहाने पुढे करून ठेवा. गाडी पन्नासने जाताना साठ दिसले, की जरा तरी हात आखडतील. पण ह्यांना सांगू नका."
मी केला.
पुढच्या सर्व्हिसिंगला फोटोग्राफर हळूच म्हणाला, "ही मागे बसून माझ्या खांद्यावरून काटाच बघत असते. साठ दिसले, की चिमटा काढते. तू काटा दहाने मागे घे. पण हिला सांगू नकोस."
मी घेतला. दोन्ही वेळा अळीमिळी गुपचिळी.
काल दोघं हवा भरायला आली. तो हेल्मेट काढत होता, तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, "आता पन्नास दाखवतो, म्हणजे खरे चाळीसच. सुधारले हो."
ती पाण्याची बाटली आणायला समोरच्या दुकानात गेली, तसा तो म्हणाला, "काटा पन्नासवर होता. म्हणजे साठने आलो. हूं की चूं नाही."
मी हवा भरली.
आमच्या अख्ख्या गल्लीत काटा बरोबर असलेली ती एकच गाडी आहे, आणि त्या काट्यावर तिच्यावर बसणाऱ्या दोघांचाही विश्वास नाही.