कोटलिनची शिकवणी

ॲप पुन्हा बंद पडलं. प्रफुल्लने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"सर, परत दोन उद्गारचिन्हं टाकलीत तुम्ही," चैताली म्हणाली. "म्हणजे हा रकाना रिकामा नसणारच, अशी शपथ घेतलीत. दिंडोरीच्या एखाद्या शेतकऱ्याने फवारणीची तारीख भरलीच नाही तर?"

प्रफुल्लला कळत होतं, पण वळत नव्हतं. द्राक्षबागायतदारांना फवारणीचा सल्ला देणारं कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर त्याने एकट्याने उभं केलं होतं. आता तेच मोबाइलवर हवं होतं, आणि तेही कोटलिन नावाच्या नव्या प्रोग्रामिंग भाषेत. पन्नाशीला आलेल्या माणसाला ही पुन्हा बाराखडीच होती. यादव साहेबांनी बजावलं होतं, शिकलात तर राहाल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत या वयात आपल्याला दुसरी नोकरी कोण देणार, ही धास्ती त्याला होती.

शिकवायला नेमलेली चैताली त्याच्या मुलीच्या वयाची. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं काम ती न कंटाळता करत होती. दुसरं कुणी असतं तर केव्हाच हात टेकले असते. तो ओशाळून माफी मागू लागला की ती एवढंच म्हणायची, "सावकाश शिका सर. मला काही घाई नाही."

त्या शब्दांवरच तो तग धरून होता. तिचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून सुट्टीतही घरी घोकत बसायचा. आणि एका रविवारी, आशा पार सोडून दिल्यावर, ॲप चाललं. त्याने मुद्दाम रकाने रिकामे सोडून पाहिले, तरी चाललं. बायकोला सांगताना त्याचे डोळे भरून आले.

चैतालीला चकित करायचं म्हणून सोमवारी तो तिला काही न सांगता थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेबांनी ॲप उलटसुलट तपासलं आणि शाबासकी दिली. श्रेय सगळं चैतालीचं आहे, तिला बोलावू का, असं प्रफुल्लने विचारलं.

"बोलवा. तिला आजच मोकळं करू," साहेब म्हणाले. "बागायतदार तुम्हाला ओळखतात, आणि दोघांना ठेवणं काही जमणार नाही. तुम्ही तयार होईपर्यंतच तिला ठेवलं होतं."

प्रफुल्लने विचारलं, "तिला हे माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."