बघण्याचा कार्यक्रम

"काढ म्हणते ना त्यो चष्मा!" भामाआत्यानं हातच पुढं केला. "पाव्हणं मोटारीतनं उतरल्यात. कराडचं स्थळ इसरलीस व्हय? चष्मा बघितला आन् च्या न पिता उठलं!"

विजयमालेनं चष्मा काढून दिला. आत्यानं तो देवघराच्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्यामागं सारला.

सेहेचाळीस साल होतं. लढाई संपून वर्ष झालं होतं, रॉकेल अजून रेशनवर होतं, आणि वडूजसारख्या गावात चष्मेवाली पोरगी म्हणजे खोटं नाणं. विजयमालेचे वडील हंबीरराव पलटणीतून सुभेदार होऊन आले होते. त्यांचा तोरा तर वेगळाच. जावई कसा, तर पलटणीच्या मेडिकलला पास होईल असा. मेढ्याच्या एका पोराला दमा आहे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला होता, "आमाला अनफिट मानूस नको." स्वतःच्या पोरीचं काय, हे त्यांना विचारणार कोण?

आज सांगलीचं स्थळ होतं. कृष्णात, हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. विजयमालेला हे स्थळ मनापासून हवं होतं. ज्या घरात पुस्तकं असतील तिथं तरी वाचायला मिळेल, एवढंच तिचं मागणं होतं. फक्त फसवून जायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

चष्मा लागला तो साताऱ्याला, शाळेत असताना. इंग्रजीच्या बाई खिडकी उघडून म्हणायच्या, "लुक ॲट द फोर्ट!" सगळ्या पोरी एका सुरात ओरडायच्या, "वी सी द फोर्ट!" विजयमालाही ओरडायची. अजिंक्यतारा तिला एकदाही दिसला नव्हता. बाईंनीच एके दिवशी ते ओळखलं आणि सुभेदारांना कळवलं. मिरजेहून चष्मा आला, तेव्हा लिंबाच्या झाडाला सुटी सुटी पानं असतात हे तिला पहिल्यांदा कळलं. केवढी हरखली होती ती! त्या खिडकीची आठवण आली की तिला अजून भरून यायचं.

"उंबरा वलांडला की सरळ जा," आत्या कुजबुजली. "पायाला सतरंजी लागली की थांब. आन् डोळं बारीक करू नगंस, बया!"

ती चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेली. समोर नुसती तोंडं तोंडं, एकालाही नाकडोळे नाहीत. तिनं पहिला कप स्टुलावर ठेवला तो निम्मा कडेबाहेर. सुभेदारांनी झडप घालून धरला. मास्तर नाकाचा दांडा चोळत तिच्याकडं एकटक बघत होते.

मास्तरांच्या मामांनी नाव विचारलं, भाकरी येते का विचारलं. मग मास्तर खाकरले.

"इंग्रजी किती झालंय?"

"सहावीपर्यंत. साताऱ्याला."

"मग 'सी' आणि 'लुक' यांत फरक काय, सांगाल?"

विजयमालेच्या अंगावर काटा आला. सगळं सोडून नेमकं हेच विचारायचं होतं?

"सी म्हणजे दिसणं," ती म्हणाली. "लुक म्हणजे बघणं. दिसायला काही करावं लागत नाही. बघायला मन लावावं लागतं."

"आणि वॉच?"

"नजर ठेवून राहणं. वाळत घातलेल्या कुरडयांना आमची आत्या वॉच करते."

बैठक खदखदून हसली. आतून आवाज आला, "काय म्हनली गं माझ्याबद्दल?"

"स्टेअर?"

"टक लावून बघणं." ती घुटमळली. "ते काही बरं नसतं."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बघितलं तरी दिसेलच असं नाही?"

"नाही," ती कशीबशी म्हणाली. ह्यांनी ओळखलं, संपलं सगळं, असं तिला वाटलं.

पण मास्तर मामांकडं वळले. "मला पसंत आहे, मामा. हे बोलणं ऐकलं आणि तिथंच ठरलं."

"शाब्बास रं गड्या!" सुभेदार गरजले. "असा रोखठोक मानूस पायजे!"

आत आत्यानं तिच्या तोंडात साखर कोंबली. विजयमाला मात्र रडायलाच लागली.

"आत्या, मला फसवून न्हाई जायाचं. उद्या कळलं तर जन्मभर खोटारडी म्हणतील."

"अगं, अक्षता पडल्यावर कळंना का! मग कोन माघारी धाडतंय?"

"मी आत्ताच सांगते. मोडलं तर मोडू दे."

"येडी का खुळी तू? परत न्हाई यायचं असलं स्थळ!"

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. पाहुणे निघाले. विजयमालेनं कोनाड्यात हात घालून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि मागच्या दारानं अंगणात पळाली.

सुभेदार आणि मामा बोलत बोलत रस्त्याला लागले होते. मास्तर तेवढे निरोप घ्यायला परत फिरले होते. ते पहिल्यांदाच तिला नीट दिसले. उंच, सावळे, चेहऱ्यानं गरीब. असल्या माणसाशी आपण खोटं वागलो, याची तिला लाज वाटली. तरी ती त्यांना हाक मारणार होतीच.

तेवढ्यात मास्तर अंगणातल्या खांबापुढं थांबले. खांबावर भामाआत्याचं हिरवं लुगडं वाळत टाकलेलं होतं. मास्तरांनी टोपी सारखी केली, दोन्ही हात जोडले आणि अदबीनं वाकून लुगड्याला म्हणाले, "येतो, आत्याबाई. पोहे फार छान झाले होते."