वेळेत

भोईवाड्याच्या चाळीत समोरच्या खोलीतली प्रिती ऑपरेशन करून घरी आली. भेटायला आलेल्या बायकांना ती सांगत होती, "गाठ लहान होती. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले." ते ऐकून शेवंती चहा न घेताच उठली आणि घरी येऊन भांडी आदळू लागली.

"तिचं सगळंच वेळेत होतं. नवऱ्याच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे ना."

नोकरी गेल्यापासून घरी बसलेला जयवंत वैतागला. "अगं, माणसं दुसऱ्याच्या दागिन्यांवर जळतात. तू दुखण्यावर काय जळतेस?"

शेवंतीनं हात पुसले. त्याचा हात धरून आपल्या काखेखाली नेला.

"ही दिवाळीपासून आहे," ती म्हणाली. "तेव्हा तुमची नोकरी नुकतीच गेली होती."